बिनधोंड्याचा बाक

काळेखार, तालुका पेण
३० मार्च १९९७

माझ्या धोंड्याला खेटून कोणीतरी लाल खुंटी ठोकली हाय. विचारलं नाय, सवरलं नाय. माझ्या एकटीच्या नाय, बांधावरच्या सगळ्या बायकांच्या धोंड्यांना. चंद्रावतीच्या धोंड्याला ठोकली तेव्हा मला जरा बरं वाटलं होतं. वळून बघते तर माझीपण तीच गत.

आता आशीर्वाद घे. बरी असशील, पोटभर जेवत असशील. तुझा बाप डोलवीला कंपनीत रात्रीची शिफ्ट करतो आणि दिवसा घोरतो. त्याला हलवून उठवलं, खुंटी दाखवली. तर म्हणतो, "आये, सरकारी काम असंल, असू दे." असू दे म्हणायला ह्याच्या बापाचं काय जातंय? ह्याचा बाप म्हणजे माझाच नवरा, तो तर कधीच गेला.

धोंडे तुला ठाऊक हायत. शिमग्याचा होम विझला की दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या त्या बाईनं ट्रॉलीच्या बांधावर आपला धोंडा ठेवायचा. जिथं धोंडा तिथं तिचं वाळवण, पाऊस येईपर्यंत. माझ्या सासूच्या आधीपासूनची रीत हाय. कागद नाय, सही नाय, धोंडा हाय. मिठाची ट्रॉली बंद पडली, रूळ कोणी उपटून नेले देव जाणे, पण बांध राहिला. चारी बाजूंना खार आणि ओल, मधे तेवढी एकच उंच कोरडी जागा. तिथं ऊन पडतं, खाडीचा वारा लागतो आणि पापड कडकडीत वाळतो. अंगणात वाळवला तर जिभेला चामडं लागतं.

तुला ठाऊक नाय ती यंदाची गोष्ट. गेल्या साली चंद्रावतीनं आपला धोंडा रोज थोडा थोडा सरकवत माझ्या जागेत आणला. विचारलं तर म्हणते, "ठमाकाकू, माझा धोंडा चालतो काय?" मी म्हटलं, व्हय, तुझ्यासारखाच हाय, दुसऱ्याच्या दारात जातो. म्हणून यंदा मी सगळ्यांना चुना फासायला लावला. माझ्या धोंड्यावर एक पट्टा, कारण मी सगळ्यांत म्हातारी. पुढचीच्या धोंड्यावर दोन, तिच्या पुढचीच्या तीन. चंद्रावतीला पाच. आता कोणाचा धोंडा कुठं गेला ते आंधळ्यालापण दिसंल.

तर चुना सुकला नाय तोच एक टोपीवाला पोरगा आला. गळ्यात फीत, काखेत वही. धोंड्याभोवती फिरला, पट्टे मोजले, मान हलवली, जसा काय वैद्य नाडी बघतो. मी म्हटलं, "काय रे, काय हरवलं?" तर म्हणतो, "आजी, फार जुनं दिसतंय." मला वाटलं माझ्याबद्दल बोलतो. मंग माझेच तीन पापड खाऊन गेला. परवा कागद घेऊन परत आला आणि खुंट्या ठोकून गेला. धोंडे सात, खुंट्या आठ. आठवी कुठं वळणावर रिकाम्या जागी ठोकली, तिथं कोणाचं वाळवण नाय. एवढंपण मोजता येत नाय आणि टोपी घालून फिरतात.

पंचायतीत म्हणतात, बांधावर पाहुण्यांना बसायला सिमेंटचे बाक येणार, जुन्या रेल्वेच्या वारशाच्या पाट्या येणार. वारसा म्हणजे म्हातारं मेल्यावर पोरं भांडतात ते, एवढंच मला ठाऊक. बाक धोंड्यांच्या जागेवर येणार. मंग वाळवण कुठं घालायचं? वाळवण नाय तर पापड नाय, आणि ह्या सात घरांत पापड नाय तर पावसाळ्यात चूल धूर खाऊन जगंल.

आराखडा रोह्याच्या कुठल्या कचेरीत काढलाय म्हणे. तू रोह्यात तेच काम करतेस. तो शहाणा कोण हाय ते शोध आणि मला कळव.

उत्तर तू लिहायचं. एस्थरच्या घरात राहतेस म्हणून तिच्याकडून लिहून घेऊ नकोस. ती गोड लिहिते, मला गोड नको.

ठमाबाई


अष्टमी, रोहा
६ एप्रिल १९९७

ती. आजीस,
ऋतुजाचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. उत्तर मीच लिहिते आहे, एस्थरमावशी पलीकडे वाल सोलत बसली आहे आणि "ठमीला माझा नमस्कार लिही" म्हणते.

मी जेवते. काम चांगलं चाललं आहे. रोज पूल ओलांडून रोह्याला जाते, दिनानाथसाहेब कडक आहेत पण शिकवतात. आतापर्यंत दुसऱ्यांचे आराखडे ट्रेस करायचे, आता अधूनमधून स्वतंत्र काम देतात.

बांधाच्या कामाची मी चौकशी करते. नक्की कोणी काढला ते लगेच कळणं अवघड आहे, कारण एका कामात बरेच जण असतात. मोजणी एक करतो, आराखडा दुसरा काढतो, सही तिसऱ्याची असते. पण आजी, मला वाटतं, ज्याने कोणी काढला असेल त्याच्या मनात वाईट नसेल. मोजणीच्या कागदावर जे लिहून येतं तेच त्याला दिसतं. आणि बाक काही वाईट गोष्ट नाही. म्हाताऱ्या माणसांचाही त्याने कदाचित विचार केला असेल.

तोवर वाळवण पत्र्यावर किंवा कौलांवर घालता येणार नाही का? वर ऊनही चांगलं असतं.

बाबांना रात्रीच्या शिफ्टनंतर झोपू दे ना. आणि चंद्रावतीकाकूंशी फार भांडू नकोस.

तुझी,
ऋतुजा


काळेखार
१३ एप्रिल १९९७

कौलांवर! तुझ्या आजीनं ह्या वयात शिडी लावून कौलांवर चढायचं? पापड वाळायच्या आधी मी वाळेन. आणि पत्र्यावर म्हणशील तर पत्रा तापतो, पापड खालून भाजतो, वरून ओला राहतो. हे तू चार वर्षांची असताना तुला ठाऊक होतं. शिकून शिकून विसरलीस.

आशीर्वाद तो हायच.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी देवळासमोर सभा भरली. सरपंच हैबतराव मधोमध, हातात निळा कागद. कागदावर बांध काढलेला, बाक काढलेले, झाडंपण काढलेली. झाडं आपल्या बांधावर एक नाय, पण कागदावर गार सावली पडलेली. मंग पाट्यांवर काय लिहायचं ते वाचून दाखवलं. ऐक.

"रेल्वेकालीन मैलाचे दगड. या मार्गावर मैल दर्शविणारे सात चुनापट्टीचे दगड आजही मूळ जागी पाहावयास मिळतात. प्रत्येक दगडापाशी प्रवाशांना विसाव्यासाठी बाक."

आधी कोणाला कळलं नाय. मंग चंद्रावती उभी राहिली आणि म्हणाली, "अगो बाय, म्हंजे मी पाचवा मैल!" बायका अशा हसल्या की देवळातली घंटा कोणी न वाजवता वाजली असंल. सातव्या मैलावरून मी ओरडले तर पहिल्या मैलावरची कोंबडी उडते, एवढे लांब आपले मैल. चुना शिमग्याचा, अजून बोटाला लागतो, आणि म्हणे रेल्वेकालीन.

हैबतरावाचं तोंड मात्र बघण्यासारखं. त्यानं आपलं एक वाक्य त्यात घुसवलं होतं. "या मार्गावर सरपंचांचे आजोबा इंजिन ड्रायव्हर होते." मी उभी राहिले. म्हटलं, हैबतराव, इंजिन कधी आलंच नाय, तुझा आजा ड्रायव्हर कसला? ट्रॉली माणसं ढकलायची. तुझा आजापण ढकलायचा, आणि चांगला ढकलायचा, चढावावर माझ्या सासऱ्याच्या ट्रॉलीलापण खांदा द्यायचा. त्यात लाज कसली? इंजिनाला लाज वाटायला पायजे, आलं नाय म्हणून.

हसून झालं, पण काम थांबलं नाय. हैबतराव म्हणतो, कागद मंजूर झालाय, मे महिन्यात सिमेंट येणार. धोंडे मैलाचे नसले तर नसू देत, बाक तिथंच. मी सात घरांच्या वतीनं बोलले, चंद्रावतीपण बोलली, आणि ती माझ्या बाजूनं बोलली ह्याचं मला अजून अजीर्ण हाय. म्हणतो, पंचायतीच्या हातात नाय, रोह्याहून बदलून आणा.

तो शहाणा कोण ते तू अजून लिहिलं नायस. मी परत विचारणार नाय. पण त्याला एवढं सांग. घरात बसून दुसऱ्याच्या बांधावर बाक काढणं सोपं असतं. एकदा दुपारच्या उन्हात येऊन उभा राहा म्हणावं. मी ओरडणार नाय. जरा ओरडेन.

ठमाबाई


अष्टमी
१९ एप्रिल १९९७

ठमे,

पोरगी ऑफिसात गेली आहे म्हणून लिहिते. तुझी पत्रं ती मला वाचून दाखवते, पण मधेच थांबते, पुढची ओळ गिळते. मला चष्मा आहे ठमे, कान धड आहेत. गिळलेली ओळ ऐकू येते.

ऋतुजा नीट जेवत नाही. काल मी वालाचं बिरडं केलं, नारळाच्या दुधातलं, तिला आवडतं तसं. दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "मावशी, माणसाचं पहिलंच काम चुकलं तर पुढचं मिळतं का गो?" मी म्हटलं, माझी पहिली भाकरी अशी होती की कुत्र्याने हुंगून सोडली, आणि त्यानंतर मी चाळीस वर्षं भाकऱ्या केल्या. हसली नाही.

तिच्या मनात काय आहे ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तू उद्याची पहिली एसटी पकडशील आणि माझ्या दारात उभी राहून साऱ्या अष्टमीला ऐकू जाईल असं बोलशील. तिचं तिला सांगू दे.

आता माझं ऐक. तू त्या बाकांना उगीच शिव्या देतेस. दर साली लिहितेस, एस्थर ये, एस्थर ये. मी कशी येऊ? आमचा घाणा त्याच बांधाच्या टोकाला होता, तुझ्याआधी मी तिथे तेलाचे डबे वाहिलेत, मला काय यावंसं वाटत नाही? पण माझे गुडघे गेले. काळेखारच्या बांधावर चढून वर बूड टेकायला काही नाही. तू बसतेस मातीत, उठतेस चंद्रावतीला शिव्या देत. मी बसले तर मला उठवायला ट्रॉली परत सुरू करावी लागेल. निसीम इस्रायलहून लिहितो, आई, कायमची इकडे ये. मी कळवलं, जिला बांध चढवत नाही तिने विमान काय चढावं.

आमचा बेने इस्रायलांचा पेसाहचा सण परवापासून. झाल्यावर सविस्तर लिहीन. पोह्याचे पापड पाठव. जवळा पाठवू नकोस, कोलंबीची जात आम्हाला चालत नाही हे पन्नास वर्षं सांगते आहे.

एस्थर


काळेखार
४ मे १९९७

एस्थर आणि ऋतुजा, दोघींना हे एकच पत्र. एकीनं वाचायचं, दुसरीनं ऐकायचं, आणि ओळ गिळायची नाय.

सिमेंटचा ट्रक आला. त्याच्याबरोबर मुकादम सखा, नागोठण्याकडचा, आणि त्याची माणसं. आम्ही ट्रक लांबूनच बघितला. चंद्रावती धावत आली. "ठमाकाकू, आता काय? आडव्या पडायचं काय?" मी म्हटलं, आपण कशाला आडव्या पडायचं? पापड पडतील.

सगळ्या बायका घरात पळाल्या. साड्या, चादरी, तुझ्या आजोबांचं जुनं धोतर, हाताला येईल ते आणलं आणि बांधाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं. त्यावर वाळवण. धोंड्याची जागा कोणाची, कोणाची नाय, काय बघितलं नाय. जिथं माती दिसंल तिथं पापड. पापड पुरेनात तर फेण्या आणल्या, फेण्या पुरेनात तर वाल, मिरच्या, शेवटी जवळा. जवळ्याकडे तर कोणी येणारच नाय, वासानंच परत जाईल. एस्थर, जवळ्याचा तोच एक उपयोग तुला पटंल.

सखा घमेलं घेऊन बांधावर चढला आणि थांबला. एक पाय वर. खाली बघतो तर पापड. डावीकडे पापड, उजवीकडे फेण्या. त्यानं आपणहून चपला काढल्या. मंग तसाच उभा राहिला, बगळ्यासारखा.

"आजी, उचला की."

"ओले हायत. उचलले की मोडतात."

"मंग मी जाऊ कसा?"

"जा की. तुला कोणी धरलाय? पाय ठेव आणि जा."

"अन्नावर पाय कसा ठेवू, आजी? माझी आय मारंल."

"तुझी आय शहाणी हाय," मी म्हटलं. "भाकरी खाऊन जा."

जेवले सगळे. सिमेंटच्या गोणी ट्रकमधेच राहिल्या. काल परत आले, काल परत वाळवण. आज रविवार म्हणून आले नायत, तरी आम्ही पसरलं, सवय मोडू नये म्हणून. हैबतराव खालून ओरडत होता, "हे बेकायदेशीर आहे!" चंद्रावती वरून म्हणाली, "सरपंच, वर येऊन बोला, ऐकू येत नाय." वर येणार कसा? त्याच्या बायकोच्या फेण्या होत्या वाटेत.

पण हे किती दिवस चालवायचं? वाळलेलं परत परत वाळवलं तर पापड भुगा होतो. आणि एखाद दिवशी असा मुकादम येईल ज्याला आय नाय. म्हणून रोह्याहून कोणीतरी यायला पायजे. कागदावर ज्यानं बाक आणले त्यानंच ते हलवायचे, दुसऱ्यानं नाय.

चंद्रावतीचं आणि माझं वाळवण शेजारी शेजारी हाय. तिचे पापड पातळ असतात. तिला सांगितलं नाय.

ऋतुजा, जेव.

ठमाबाई


अष्टमी
८ मे १९९७

आजी,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही. तो शहाणा मीच आहे.

आराखडा मी काढला. माझं पहिलं स्वतंत्र काम. दिनानाथसाहेबांनी त्या टोपीवाल्या प्रविणची मोजणी माझ्यापुढे ठेवली. त्यावर लिहिलेलं होतं, "जुने दगड सात, चुन्याचे पट्टे एक ते सात, रेल्वेकालीन असावेत." मी किती खूश झाले होते! वाटलं, आपल्या बांधावर एवढी जुनी गोष्ट आणि आपल्यालाच ठाऊक नाही. धोंडे मला ठाऊक होते, पण त्यांना चुना कधी नव्हता. सातवीनंतर मी उन्हाळ्यात मामाकडेच असायचे, शिमग्यानंतरचा बांध कितीतरी वर्षांत बघितला नाही. गाव माझं म्हणून जायची गरज वाटली नाही. कागदावर सात ठिपके होते, प्रत्येक ठिपक्यापाशी एक बाक काढला आणि झाडंही काढली, छान दिसतात म्हणून.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा पुलावरच फोडून वाचलं. एक पट्टा माझा, कारण मी सगळ्यांत म्हातारी, हे वाचलं आणि तिथेच कळलं, माझे सात ठिपके म्हणजे तुमचे धोंडे. तेव्हाच लिहायला हवं होतं. घाबरले. तुला आणि साहेबांना, दोघांनाही. तुला कौलांवर चढ म्हणून लिहिलं, त्याची तर मला रात्रंदिवस लाज वाटते.

परवा सखा मुकादम ऑफिसात आला. साहेबांना म्हणाला, "साहेब, तिथं काम होणार नाय, तिथं जेवण हाय." साहेबांना काही कळेना. मग मी सगळं सांगितलं. मैलाचे दगड म्हणजे माझ्या आजीचे आणि तिच्या मैत्रिणींचे धोंडे, हेसुद्धा. साहेबांनी आराखडा परत उघडून बघितला. मग म्हणाले, रविवारी आपण जाऊ. जागेवर उभं राहून तू नवा आराखडा काढायचा आणि तुझ्या आजीला पटला तरच पुढे. नाही पटला तर हे काम मी दुसऱ्याला देईन. हे शेवटचं त्यांनी हळू म्हटलं, पण म्हटलं.

आठही बाक खोडायला मी तयार आहे. येत्या रविवारी सकाळच्या एसटीने येतो. प्रविणही येतो म्हणतो, त्याला तीन पापडांची माफी मागायची आहे. मला मात्र भीती तुझी कमी आणि चंद्रावतीकाकूंची जास्त वाटते.

ऋतुजा

ता. क. ठमे, आज दोन भाकऱ्या खाल्ल्या पोरीने. एस्थर.


काळेखार
३० मे १९९७

त्या रविवारी तुझे साहेब चपला हातात घेऊन पापडांमधून चवड्यांवर चालले, आणि तू त्यांच्या मागे पाण्यात शिरल्यासारखी साडी वर धरून. ते मला अजून आठवतं आणि अजून हसू येतं. तेव्हा चारचौघांत होते म्हणून गप्प राहिले. आता बोलते.

आधी बातमी. बाक लागले. तू उभी राहून सांगितलंस तसे, बांधाच्या खाडीकडच्या कडेला, खाडीला पाठ करून. त्यामुळे वारा पाठीवर आणि वाळवण समोर. मधली जागा बायकांची, धोंडे जागच्या जागी. आम्ही साऱ्या जन्मभर मातीत बसून काठीनं कावळे हाकलले. आता बाकावर बसून हाकलतो. चंद्रावती तर पाय हलवत बसते, जसा काय झोपाळा हाय. मी बसते, पण तिनं बघितलं की उठते.

पाहुणेपण येऊ लागले. परवा पुण्याचं एक जोडपं आलं. "आजी, इथे बसलं तर चालेल का?" म्हटलं, बसा, पण फुकट नाय, ही काठी घ्या आणि कावळे बघा. दोघंही असं मन लावून कावळे हाकलत बसले की निघताना मलाच जड वाटलं. बाई जाताना म्हणाली, इथे फार शांत आहे. मी म्हटलं, चंद्रावती जेवायला गेलीय म्हणून.

पाटी वाचून दाखवायला सगळे जमले. तू लिहिलंस ते बरं लिहिलंस. "हे दगड रेल्वेचे नाहीत. शिमग्यानंतर काळेखारच्या बायका वाळवणासाठी आपापली जागा राखतात, त्याचे हे दगड. कृपया हलवू नयेत." हलवू नयेत हे वाचताना सगळ्या चंद्रावतीकडे बघत होत्या. हैबतरावाच्या आज्याचंपण नाव लागलं. बाकावर लिहिलंय, "मिठाच्या ट्रॉल्या ढकलणारे, यांच्या स्मरणार्थ," आणि खाली त्याचं नाव आणि माझ्या सासऱ्याचं. हैबतराव आधी फुगला होता. आता पाहुण्यांना हात धरून तोच बाक दाखवतो आणि ट्रॉली कशी ढकलायची तेपण करून दाखवतो.

आता तुझं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, धोंडे सात आणि खुंट्या आठ. लिहिलं, हसले आणि अंतर्देशीय चिकटवायला घेतलं. डिंक लावता लावता हात थांबला. आठवी खुंटी वळणावर. तिथं धोंडा नाय, वाळवण नाय, बघायला खाडीपण दिसत नाय. तिथं फक्त मी थांबते. पाटी डोक्यावर घेऊन चढताना तिथं मला दम लागतो आणि पाटी उतरवून मातीत बसते. लहानपणी तू माझ्या मागे चालायचीस आणि तिथं आली की आधीच बसायचीस, माझी वाट न बघता. हे टोपीवाल्याला ठाऊक नाय. साहेबाला ठाऊक नाय. रोह्यात ज्याला ठाऊक हाय असं एकच माणूस, आणि ते माणूस वाल खाऊन आराखडे काढतं.

म्हणजे शहाणा कोण ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी तुला तीन पत्रं शिव्या घातल्या. सात बाक चुकलेस त्याच्या त्या शिव्या होत्या. आणि तू आपणहून सांगतेस का ते बघायचं होतं. उशिरा सांगितलंस, पण सांगितलंस. तुझ्या जागी तुझा बाप असता तर अजून घोरत असता.

साहेब विचारत होते ना, हा आठवा कशाला, खोडून टाकू? आणि तू खाली मान घालून म्हणालीस, चुकून आलाय, खोडा. तेव्हा मी मधे पडले, राहू दे म्हटलं. सखानं विचारलं, "आजी, ह्याच्यावर तुमचं नाव टाकू?" मी म्हटलं, मेल्या, बाकावर नाव मेलेल्याचं टाकतात. मी अजून खोकते. कोराच ठेव.

तर तो कोरा हाय. रोज पाटी घेऊन जाताना मी त्यावर बसते. सिमेंट हाय, बुडाला टोचतं, उन्हात तापतं. पण उठायला बरं पडतं. ह्यापेक्षा जास्त मी काय लिहिणार नाय, तूपण समजून घे.

डबा पाठवला हाय. त्यात पोह्याचे पापड, त्यातले वरचे पातळ चंद्रावतीचे. तिनं जबरदस्तीनं घातले. लाट्या तेलात माखून पानात गुंडाळल्यात, त्या पहिल्या खा, नायतर आंबतील. प्रविणला तीन पापड दे, त्यानं माफी मागितली म्हणून. चौथा मागितला तर मला कळव, मंग मी त्याचं गाव, घर विचारीन.

जवळा घातला नाय. आठवण हाय.

एस्थर, आता तू ऐक, हे सगळं मी तुझ्यासाठीच लिहिते. बांधावर बूड टेकायला काय नाय, हे तुझं जुनं कारण होतं. ते कारण आता गेलं. वळणावर बाक हाय, पाठ टेकायला हाय, त्यावर दोघी मावतो, मी सखाला बसवून बघितलं, तो तुझ्याएवढाच रुंद हाय. चढायला हात द्यायला ऋतुजा हाय. पाऊस पडायच्या आत ये. तुझा घाणा होता तिथून तेलाचा वास येत नाय आता, पण पापडाचा येतो.

कधी येतेस ते कळव. उत्तर एस्थरनं लिहायचं. ऋतुजानं पेनाला हात लावायचा नाय, तिनं फक्त तिची पिशवी धरून एसटीत बसायचं.

ठमाबाई